तांबड्या हत्तींची डोण

आफ्रिकेला जाऊन आलो म्हटले की माणसे पहिल्यांदा सिंहाचे विचारतात. बंदरावर विचारतात, वखारीत नारळ घ्यायला आलेले गिऱ्हाईक विचारते, देवळात पुजारी विचारतो. मी सिंह पाहिला नाही. एकदा लांबून त्याचा आवाज ऐकला, तोही जेवताना. ज्यांना सिंहासाठी वाचायचे आहे त्यांनी येथेच थांबावे म्हणजे नंतर माझ्याशी भांडायला यायला नको. मी गेलो होतो माझ्या धाकट्या भावाला परत आणायला.

भाट्ये

आमचे घर भाट्याच्या खाडीपलीकडे. मी नारळाचा व्यापार करतो. नारळ, खोबरे, काथ्या, सुंभ, घरावर घालायची विणलेली झापे, माडापासून जे निघते ते सगळे. सुरुवात केली ती दुसऱ्याच्या होडीत दुसऱ्याचे नारळ खाडीपार नेण्यापासून. कोणी मला गादीवर आणून बसवलेले नाही. भाव करताना मी ओरडतो अशी माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे.

मुकुंदा माझ्याहून लहान. चिरेखाणीत त्याचा हात असा चाले की जांभा दगड लोण्यासारखा कापला जाई. एके सकाळी मोंबाशाच्या बंदराच्या कामावर माणसे नेणाऱ्या मुकादमाबरोबर तो निघून गेला. सांगितले फक्त आईला. मला दुपारी होडीवर कळले, तेही परक्याकडून. त्यानंतर वडील गेले, बहिणीचे लग्न झाले, घर दरवर्षी शाकारले, आईची दृष्टी गेली. हे सगळे कोणी केले हे लिहायची गरज नाही. पण गावात माणसे माझ्याच वखारीत, माझ्याच नारळाच्या ढिगाला टेकून विचारणार, "तुमचा मुकुंदा आफ्रिकेत असतो ना? काय शेर माणूस!" मी इथे असतो, मी कोण, हे आजवर कोणी विचारले नाही.

आमच्या विहिरीजवळ एक डोण आहे. डोण म्हणजे गुरांना पाणी प्यायची दगडी कुंडी. ती मुकुंदाने कोवळ्या वयात एका अखंड चिऱ्यातून कोरली. आईचा नियम असा की तिन्हीसांजेला डोण भरल्याशिवाय घरात दिवा लावायचा नाही. पहिली कळशी हाताने ओतायची. आधी आमची गुरे पीत, मग शेजारची, आणि काळोख पडल्यावर डोंगरावरून जे उतरेल ते. कोल्हा, ससा, उदमांजर. आई म्हणे, "आपल्या अंगणात तहानलेलं जनावर उभं ऱ्हायलं तर दिवा लावून काय बघायचं?" डोण भरायचे काम मुकुंदाचे. तो गेल्यावर आई भरी. तिला दिसेनासे झाल्यावर कोणी भरली नाही. गुरे मी विकून टाकली होती, धंद्यात गुरे बघणार कोण? डोणीत फणसाचा पाला साचला.

चौतीस सालच्या दिवाळीनंतर आई म्हणाली, "रघू, मुकुंदाला घेऊन ये."

"तो काय लहान हाय? वाट ठाऊक नाय त्याला?"

"मला त्याला हात लावायचा हाय. आता जास्त दिवस नाय माझे. तू साऱ्या जगाशी सौदे करतोस ना? मग माझ्यासाठी एवढा एक कर."

मी चिडलो, वखारीत जाऊन दोन माणसांवर ओरडलो, आणि दुसऱ्या आठवड्यात मुंबईची आगबोट धरली.

मोंबासा

बोटीवरच्या दिवसांचे वर्णन करीत नाही. डेकवर माणसांना काय होते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ज्यांना नाही त्यांनी ते न जाणलेलेच बरे.

मोंबाशाला उतरलो तेव्हा क्षणभर वाटले, बोट फिरून रत्नागिरीलाच आली. तशीच खाडी, तसाच किल्ला, किनाऱ्याला माड आणि मागे आंब्याची झाडे. तिथली माणसे भातात नारळाचे दूध घालतात आणि मासळी खोबऱ्यात शिजवतात, म्हणजे जेवायला काही अडचण नाही. अडचण झाली ती माझ्या डोळ्यांना. घरोघरी चुलीत नारळाची सोडणे जळत होती! ज्या सोडणांचा काथ्या होतो, ज्याचा दोर वळून मी घर चालवले, ती सोडणे ही माणसे सरपण म्हणून जाळतात. मी एका म्हातारीला थांबवून खुणांनी समजावू लागलो. तिने मला भुकेलेला समजून पुढ्यात भात ठेवला. मग काय बोलणार? जेवलो.

त्याआधी बंदरावर एक प्रकार झाला. आईने मुकुंदासाठी गाठोडे दिले होते. कुळथाचे पीठ, आंबापोळी आणि सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी. तपासणीच्या गोऱ्या अंमलदाराने सोड्यांचा वास घेतला आणि तोंड फिरवून म्हणाला, फेकून दे. मी म्हटले, नाही फेकणार. त्याच्या शेजारी एक गुजराती कारकून दुभाष्याचे काम करीत होता. मी त्याला म्हटले, "साहेबाला सांगा, बोटीवर आम्हांला जे खायला घातलं त्याचा वास याच्याहून वाईट होता." कारकून बराच वेळ इंग्रजीत बोलला. त्याने हे मुळीच सांगितले नाही हे मला साहेबाच्या तोंडावरून कळले. शेवटी मी एक कच्चा सोडा तोंडात टाकून चावून दाखवला, की बघ, हे अन्न आहे. भोवती गर्दी जमली. घासाघीस होऊन तोड अशी निघाली की पीठ आणि पोळी जाऊ द्यायची आणि सोडे समुद्रात. म्हणजे आईने उन्हात बसून चाचपत निवडलेले सोडे मोंबाशाच्या माशांनी खाल्ले. त्याचे मला आजही वाईट वाटते.

नमुना म्हणून उत्तम काथ्याच्या दोराचे एक भेंडोळे बरोबर नेले होते. त्याला कोणी हात लावला नाही.

व्होईच्या पुढे

बंदराचे काम संपल्यावर मुकुंदा आत रानात नोकरीला लागला होता; मी मोंबाशाहून त्याला तार केली, आणि आगगाडीने सकाळी व्होई नावाच्या स्टेशनावर उतरवले. उतरलो आणि खाली बघतच राहिलो. माती तांबडी! आमच्या सड्यावरची, म्हणजे गावामागच्या जांभ्याच्या पठारावरची असते तशी, धोतराच्या काठाला लागली तर धुऊन न जाणारी. फक्त तिच्यावर हिरवे काही नाही. करड्या काटेरी झाडांचे रान आभाळाला टेकेपर्यंत, आणि मधे मधे एक प्रचंड पोटाचे झाड, मुळे वर करून उलटे पुरल्यासारखे.

स्टेशनाबाहेर एका मोटारलॉरीजवळ एक वाळका, पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. मी त्याच्यापुढून गेलो. मग त्याने मागून हाक मारली, "दादा."

तो वाकून पाया पडला. उठला तेव्हा त्याचे गुडघे तांबडे झाले होते.

"जाडा झालास, दादा."

"आणि तू म्हातारा. मी थोरला असून माझे केस काळे हायत."

"तू कलप लावतोस. आयेने कळवलं होतं."

बारा-तेरा वर्षांनी भेटलेल्या भावाशी माझे पहिले बोलणे हे असे झाले. मी ठरवून आलेले सगळे तिखट शब्द लॉरीच्या धुळीत गेले.

जेथे तो नोकरीला होता ते शिकारी पाहुण्यांचे उतरण्याचे ठिकाण. दगडी लांब घर, समोर रुंद व्हरांडा, वर माडाच्या झापांचे छप्पर. दगडकाम मुकुंदाचे. सांधा शोधायला गेलो तर नख जाईना. झापे किनाऱ्यावरून आणलेली, वीण सैल. मी असतो तर त्या भावात घेतली नसती. आत भिंतीवर जनावरांची मुंडकी टांगलेली, डोळ्यांच्या जागी काच. मालक एक उतारवयाचा गोरा साहेब, पूर्वी हिंदुस्थानात पलटणीत होता, त्यामुळे हिंदुस्थानी चांगली बोले. मी नवा कोट घालून गेलो होतो. व्हरांड्याच्या पायरीवर पाय ठेवला तोच तो म्हणाला, "इधर नहीं. तुम्हारे भाई का कमरा पीछे है." हिंदी माणसाने व्हरांड्यावर चढायचे ते फक्त चहाचे तबक घेऊन, असा तिथला कायदा.

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मुकुंदाने माझा दंड धरला. "दादा, मागे ये. मागून जास्त चांगलं दिसतं."

मागे आलो आणि आमच्या आगरातला पायरहाट पाहिला. सुपारीच्या बागेत असतो तो, लाकडी चाकाला मडक्यांची माळ, माणूस वर बसून पायांनी फिरवतो. त्यावर किलोंझो नावाचा तिथलाच एक गडी बसला होता आणि पाय मारता मारता गात होता. त्या रानात एक माशी असते, तिच्या चाव्याने बैल मरतात, म्हणून रहाट माणसानेच फिरवायचा. पाणी हौदात, हौदातून दगडी पन्हळीने दूर उघड्यावर जाई. तिथे होती डोण.

आमचीच डोण. तोच आकार, काठाला तीच गोलाई, फक्त होडीएवढी लांब.

"हे कशाला केलंस?" मी विचारले.

"विहीर खणली तेव्हा कोरली," तो म्हणाला. "विहिरीपाशी डोण नको?"

संध्याकाळ होऊ लागली. मुकुंदाने हौदातून बादली भरून माझ्या हातात दिली. "पहिली तू ओत. पाहुणा हायस."

मी खांद्याइतक्या उंचीवरून ओतली. पाणी दगडावर थाडकन आपटले. झुडपातून कोंबड्यांसारखे ठिपक्यांचे पक्षी फडफडत उडाले.

"वरनं ओतू नको रे," मुकुंदा हळूच म्हणाला. "आवाजाने बिचकतात. बादली काठाला टेकव, मग तिरपी कर." त्याने करून दाखवले. पाणी दगडावरून असे गेले की पाण्याला स्वतःलाच कळू नये.

आम्ही हौदामागे बसलो. आधी ते ठिपक्यांचे पक्षी परत आले. मग रानडुकरे, शेपट्या ताठ उभ्या करून. मग पट्ट्यापट्ट्यांचे घोडे. त्यांतला एक पीत असताना दुसरा मान वर करून राखण करी. उंच मानेचे जिराफ आले, त्यांना वाकताना पुढचे पाय असे फाकवावे लागतात की हसू येते आणि पडतील म्हणून भीतीही वाटते. आणि मग सगळे बाजूला झाले.

हत्ती आले. आवाज नाही. एवढे मोठे जनावर, आणि पायाखाली काडी मोडल्याचा आवाज नाही. सगळे तांबडे! ती माती अंगावर उडवून घेऊन ते असे झालेले की जणू आमचा सडाच उठून चालत आला आहे. पुढे एक म्हातारी हत्तीण होती, एक दात अर्धा तुटलेला. तिने सोंड डोणीच्या काठावरून फिरवली, मग पाण्यात घातली. ती प्यायल्यावर बाकीचे पुढे झाले.

"ही थोरली," मुकुंदा म्हणाला. त्याने इतके मायेने म्हटले की मला राग आला. घरी एक थोरली चाचपत बसली आहे, तिचे काय?

त्या रात्री त्याच्या खोलीत मी कुळथाची पिठी केली. भातावर वाढली. जेवताना त्याने एकदाही मान वर केली नाही. आंबापोळीचा एक तुकडा त्याने किलोंझोला दिला. किलोंझोने चघळला, मग खिशात ठेवला, बायकोसाठी.

"आये तुला बोलावते," मी म्हटले. "तिला दिसत नाय आता. तुला हात लावायचा हाय म्हणते."

त्याने ताट बाजूला सारले. "इथली नदी उन्हाळ्यात सुकते, दादा. पूर्वी जनावरं डोंगराकडे जायची. मधे आता शेतं झाली, कुंपणं झाली, वाट राहिली नाय. त्यांना ही डोण माहीत झाली. एकदा मला ताप आला, मोंबाशाला इस्पितळात होतो. रहाटाचा आस मोडला, कुणाला जमला नाय. परत आलो तर डोणीशेजारी थोरलीचं पिल्लू मरून पडलेलं. आणि ती तिथेच उभी. डोण कोरडी."

"पावसात ये. चार महिने राहा, मग जा."

"इथे उन्हाळा वर्षात दोनदा. धाकटा पाऊस जाण्यायेण्यालाही पुरत नाय, आणि मोठ्या पावसात निघालो तर पोचेपर्यंत आपलं बंदर पावसाळ्यासाठी बंद. परत यायचं कसं?"

बोटीचे दिवस मी मनात मोजून पाहिले, आणि उत्तर तेच आले. तरी मी भांडलो. आईसमोर बोलता आले नव्हते ते सगळे बोललो. होडीवर परक्याकडून ऐकावे लागले तिथून सुरू केले. त्याने एकाही शब्दाला उलट उत्तर दिले नाही. मला भांडणात असा माणूस आवडत नाही.

गोळी

परतीची गाडी मिळेपर्यंत मला तिथे राहणे भाग होते. एक नवा पाहुणा आला. त्याला रानात चालत फिरायचा कंटाळा. संध्याकाळी तो व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला, पायावर पाय. आम्ही हौदामागे. हत्ती आले, प्यायला लागले. एक तरुण हत्ती, चांगल्या दातांचा, सोंडेने पाणी तोंडात सोडत होता, तेवढ्यात बार झाला.

तो गुडघ्यांवर बसला. मग कडेला कलंडला. सोंडेतले पाणी मातीवर सांडले. बाकीचे ओरडत पळाले, थोरली सर्वांत शेवटी. व्हरांड्यात टाळ्या वाजल्या.

मुकुंदा उठला नाही. हातातली बादली त्याने उपडी करून ठेवली. किलोंझोने रहाटावरचे पाय काढून घेतले.

"पाणी दाखवून मारायचं," मुकुंदा म्हणाला. "असं कोणी केलं नाय आजवर. साहेब शिकारीला रानात नेई. पाण्यावर नाय." मग उपड्या बादलीकडे बघत, "मीच बोलावतो ना त्यांना रोज? माझ्या हाताने?"

सकाळी त्याने छिन्नी, हातोडी आणि चार कपडे पेटीत भरले. "चल दादा. गाडी कधी हाय?"

मी जे मागायला आलो होतो ते मला असे मिळाले. भाव न करता. मी पेटीला माझाच दोर बांधला आणि घट्ट गाठ मारली. आईला काय सांगायचे ते मनात जुळवू लागलो. आनंद व्हायला हवा होता.

त्या संध्याकाळी डोणीकडे कोणी फिरकले नाही. पुढच्या संध्याकाळी फिरकले. तहान किती असेल बघा. आपले माणूस जिथे पडले तिथे परत आले. डोण सुकी होती. पट्ट्यांचे घोडे आले, उभे राहिले, गेले. मग तांबडे हत्ती. थोरली पुढे. जिथे तरुण हत्ती पडला होता तिथली माती तिने हुंगली, आणि डोणीपाशी येऊन सोंड काठावरून फिरवू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग आत, तळाशी. मग परत काठावरून.

आमच्या पडवीत आई असाच तांब्या शोधते. काठ हाताला लागला की त्यावरून बोटे फिरवते, आत घालते, पाणी नसले तरी ओरडत नाही. पुन्हा काठ चाचपते, की आपलेच चुकले असेल.

मी उठलो. मुकुंदाने विचारले, "कुठे चाललास?" मी सरळ पुढच्या बाजूला जाऊन व्हरांड्याची पायरी चढलो.

"इधर नहीं," साहेब म्हणाला.

"माहीत हाय इधर नहीं. खुर्ची नको मला. उभ्याने बोलतो आणि जातो." पाहुणा आत कपडे बदलत होता. साहेब एकटाच होता. आमचे बोलणे हिंदुस्थानीत झाले, त्याने राग दाखवला नाही, कदाचित एवढ्या मोठ्याने त्याच्याशी कोणी बोलले नसावे.

मी म्हटले, "साहेब, मी व्यापारी आहे. तुमचा धंदा मला चार दिवसांत कळला. तुमच्या अर्ध्या खोल्या रिकाम्या आहेत. मंदी आहे. परवा तुम्ही एक हत्ती एका पाहुण्याला दिला. पाहुणा दात घेऊन घरी जाईल. परत कशाला येईल? आणि ते जनावर उद्या येणार नाही."

"और आयेंगे."

"गोळीवर किती दिवस येतील? त्यांना तुमच्याहून जास्त अक्कल आहे. स्टेशनात मी दोन मडमा पाहिल्या, गळ्यात कॅमेरे. त्यांना मारायचं नव्हतं, बघायचं होतं. अशा माणसांना तुम्ही खुर्ची टाकून या व्हरांड्यात बसवा आणि रोज संध्याकाळी तोच हत्ती दाखवा. एकच हत्ती, रोज नवा पाहुणा. आमच्याकडे माडाचं लाकूड विकायला कोणी फळता माड तोडत नाही."

साहेबाने चिरूट पेटवला. काड्या दोन फुकट गेल्या. म्हणाला, "पानी पर गोली नहीं. यही चाहते हो?"

"हेच. वचन द्या."

"दूँगा. लेकिन मुकुंद रहेगा."

मी ओरडलो. तो गप्प. मी म्हटले, रत्नागिरीहून दुसरा गवंडी पाठवतो, माझ्या खर्चाने. तो गप्प. किलोंझोला रहाट येतो, त्याला ठेवा. तो म्हणाला, "आस टूटा था तब किलोंझो था." हे खरे होते. मी म्हटले, आमची आई आंधळी आहे, तिला त्याला हात लावायचा आहे. तेव्हा त्याने माझ्याकडे नीट पाहिले, पहिल्यांदाच. आणि तरीही म्हणाला, "पानी नहीं होगा तो मैं क्या दिखाऊँगा? वह जाये तो मेरा वचन भी जाये." मग धूर सोडत बसून राहिला. ती गप्प बसण्याची रीत मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक जागचे हलणार नाही अशी खात्री झाली की मीही तसाच बसतो.

मागे वळलो. मुकुंदा पायरीखाली उभा होता. त्याने सगळे ऐकले होते.

"बोल," मी म्हटले. "राहतोस?"

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. डोणीकडे पाहिले. अजून तिथे ती चाचपत होती.

"आयेला काय सांगशील, दादा?"

"ते माझं मी बघीन."

तो मागे गेला. थोड्याच वेळात रहाटाची कुरकुर ऐकू आली. साहेबाने मला हात पुढे केला. मी तो घेतला, सौद्यात घ्यावा लागतो म्हणून.

गाडीच्या दिवशी त्याच्या पेटीवरची गाठ मी सोडली आणि दोर तिथेच ठेवला, बादलीसाठी. स्टेशनावर तो पोचवायला आला. गाडीने शिटी दिली तेव्हा तो खिडकीला धरून चालू लागला. "आपल्या डोणीची डावी कड तडकली होती. गळते काय अजून?"

मला ठाऊक नव्हते. मी म्हटले, "नाय गळत."

पुन्हा भाट्ये

खाडी ओलांडून घरी पोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. बायको अंगणात होती. तिने माझ्या मागे पाहिले, मागे कोणी नाही हे पाहून पदर तोंडाला लावला. आई पडवीत बसली होती.

"रघू? तो कुठाय?"

साऱ्या जगाशी सौदे करणाऱ्या मी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. "पाय धुऊन येतो," म्हणालो आणि विहिरीकडे गेलो.

डोणीतला पाला दोन्ही हातांनी उपसला. खाली काळा चिखल. तो काढला. डावी कड खरोखरच तडकलेली होती. शेवटी चिकणमाती आणून चीर बुजवली, वर अंगठ्याने दाबली. तिन्हीसांज झाली. बायको दिवा हातात घेऊन दारात थांबली होती, लावीत नव्हती. मी कळशी विहिरीत सोडली. कप्पी गंजलेली, तिचा आवाज घरभर गेला.

पडवीतून आईचा आवाज आला, "डोणीवर कोण हाय? मुकुंदा?"

मी कळशी उचलून ओतली. पाणी दगडावर थाडकन आपटले.

पडवीत काही हलले नाही.

"नाय," आई म्हणाली, स्वतःशीच. "तो वरनं नाय ओतीत."

मी कळशी हातात धरून उभा राहिलो. मग ती पुन्हा बोलली, नेहमीच्या आवाजात, जणू मी आठवड्याच्या बाजारातून आलो होतो.

"रघू, कळशी काठाला टेकव रे. जनावरं बिचकतात."

मी दुसरी कळशी काढली, काठाला टेकवली आणि हळूहळू तिरपी केली. या वेळी आवाज झाला नाही. आईने मुकुंदाचे पुढे काही विचारले नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.